एम्प्लॉयरचं नाव : हिंमतराव तायडे

माझ्या दुकानावर पाटी आहे : 'झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. सल्ला मागू नये.' मागू नये असं लिहिलंय. मी देणार नाही असं कुठे लिहिलंय? लोक फॉर्म असे काही भरतात की मला गप्प बसवत नाही. जन्मतारखेच्या रकान्यात आजची तारीख लिहिणारी माणसं पाहिली आहेत मी. नाव माझं शकुंतला, पण अख्खी धायरी शकूताई म्हणते. टायपिंगच्या परीक्षा दिल्या तेव्हा मशीन खडखडायचं, आता कॉम्प्युटर गप्प असतो आणि मी खडखडते, एवढाच फरक.

तर मला सांगायचंय ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या हिंमतराव तायड्यांबद्दल. तुम्ही कधी काळी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे राहिला असाल, तर तुम्ही त्यांना ओळखता. चेहऱ्यानं नाही, आवाजानं. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कराडमार्गे कोल्हापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.' तो आवाज तायड्यांचा. स्टँडवर इतका गोंगाट, पोरं रडतायत, फेरीवाले ओरडतायत, पण तो आवाज आला की माणूस पिशवी उचलायचाच. माझ्या माहेरची गाडी मी कितीदा त्या आवाजावर पकडली, आणि तो माणूस पुढे माझ्या डोक्यावर राहायला येणार आहे हे मला काय माहीत!

मूळचे ते बाळापूरकडचे, अकोला जिल्ह्यातले. शाळेत असताना गावातल्या भीमजयंतीला मास्तरांनी त्यांना स्टेजवर उभं केलं आणि माईक हातात दिला, तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. एसटीत कंडक्टर म्हणून लागले, पुढे कंट्रोलर झाले. घरात बोलताना 'काहून बाप्पा' असं अस्सल वऱ्हाडी, पण माईकसमोर उभे राहिले की भाषा इस्त्री करून यायची. माईक हातात आला की आधी 'फू, फू' करून दोनदा फुंकर मारायची, घसा खाकरायचा, मगच पहिला शब्द. जयंतीला आमच्या भागात सूत्रसंचालन त्यांचंच. दुकानावरून जाताना ते 'जय भीम, शकूताई' म्हणायचे आणि मी 'जय भीम, कंट्रोलरसाहेब' म्हणायचे. साहेब म्हटल्यावर माणूस कॉलर सारखी करायचा, मोठी गंमत वाटायची.

त्यांची बायको, रतन, मुलगी शाळेत असतानाच गेली. मुलगी उत्कर्षा. घरी कोण बघणार म्हणून हे तिला सकाळी सोबत घेऊन स्वारगेटला जायचे. पोरीची वेणी कंट्रोल केबिनमध्ये, डबा तिथेच, अभ्यासही तिथेच. इतर पोरं पाढे म्हणतात, ही 'सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद' म्हणायची. एक गोष्ट मला तिनंच सांगितली. स्टँडवर कंट्रोलरची सही झाल्याशिवाय गाडी हलत नाही. कंडक्टर केबिनच्या खिडकीशी येतो, कागद पुढे करतो, सही झाली की मगच ड्रायव्हर गिअर टाकतो. हे बघून बघून पोरगी हटून बसली की मला पण सही पाहिजे, नाहीतर शाळेत जाणार नाही. मग हे रोज तिच्या तळहातावर बॉलपेनानं सही करायचे आणि मग ती निघायची. शाळेत बाई ओरडायच्या, हात कसले गं रंगवतेस म्हणून.

पोरगी शिकली, इंजिनिअर झाली, खराडीला मोठ्या कंपनीत लागली. काम टेस्टरचं. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. धायरीत हे काम मी फुकट करते, तिला त्याचा पगार मिळायचा. पहिल्या दिवशी साहेब तिला पोचवायला गेले, ती सगळी काचेची इमारत खालून वरपर्यंत बघितली आणि गेटवरच्या वॉचमनला विचारलं, "आमची पोरगी कोणत्या फलाटावर?" हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की पुढचं ऐकूच यायचं नाही.

रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत झटका आला. उजवी बाजू गेली. पाय नंतर काठीवर का होईना पण चालायला लागला. हात लुळाच राहिला. आणि वाचा गेली. बाकी काहीही गेलं असतं तर मी देवाला चार शब्दच सुनावले असते, पण वाचा? त्या माणसाची? त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून रडले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उत्कर्षा म्हणाली, थोडे दिवस रजा घेते. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. तिनं नोकरी सोडली. स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं की शब्द डोक्यातून गेलेले नाहीत, वाट चुकलेत. जे शब्द आयुष्यभर सुरात म्हटलेत ते आधी परत येतील, तर त्यांच्याकडून रोज अनाउन्समेंट म्हणून घ्या. उत्कर्षा रोज सुरुवात करून द्यायची, 'प्रवाशांनी इकडे...' आणि हे तोंड फिरवायचे. भिंतीकडे बघत बसायचे. मॅडमसमोर नाही, शेजाऱ्यांसमोर नाही, माझ्यासमोर तर मुळीच नाही. ज्या तोंडातून असा आवाज निघायचा त्यातून तो अडखळता, चिकट शब्द बाहेर पडताना त्यांना स्वतःलाच ऐकवत नव्हता. दोनच शब्द ते स्वच्छ बोलायचे. एक 'काहून', म्हणजे आपलं 'का', आणि दुसरा 'नाही'. औषध घेता? नाही. चहा? नाही, आणि कप पुढे ओढून घ्यायचे. पुढे पुढे तर 'नाही'ला काही अर्थच उरला नव्हता.

दुपारी उत्कर्षा त्यांना खाली माझ्या दुकानात खुर्चीवर बसवायची, तेवढीच जा-ये दिसते म्हणून. मी बोलायचे, ते ऐकायचे. माझ्या नवऱ्याला जे कधी जमलं नाही ते त्यांना जमलं.

आणि मग उत्कर्षानं परत नोकरी शोधायचं ठरवलं. ठरवलं तिनं असं म्हणते मी, पण खरं तर ठरवलं साहेबांनी. एके दिवशी ती त्यांची नखं कापत होती, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला, भिंतीवरच्या तिच्या जुन्या ऑफिसच्या फोटोकडे बोट केलं आणि म्हणाले, "काहून?" काहून इथं बसलीस माझ्यापाशी, असं. तिनं मला हे दुकानात येऊन सांगितलं आणि काउंटरवर डोकं टेकलं. "मावशी, मी इथे आहे याचंच त्यांना दुखतंय गं," म्हणाली. "मला नोकरी नाही लागली ना, तर ते असेच भिंतीकडे बघत संपतील."

म्हटलं, रडू नकोस, आण इकडे बायोडाटा, मी करते. आणि केला. काय केला होता महाराजा! कडेनं वेलबुट्टीची चौकट, वर उजवीकडे फोटो, मधोमध रेघ, डावीकडे एक रकाना, उजवीकडे एक रकाना, शेवटी 'वरील माहिती सत्य आहे', स्थळ पुणे. माझ्या हातच्या या बायोडाट्यावर धायरीतली निम्मी लग्नं जमलेली आहेत.

ती तो बायोडाटा कंपन्यांना पाठवायची आणि चहा गाळून होईपर्यंत उत्तर हजर : आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत, परंतु. सगळीकडून परंतु. मला राग आला. म्हटलं, इतक्या लवकर वाचून कोण सांगतं? न वाचताच फेकतात मेले.

तिच्या जुन्या ऑफिसातला एक मित्र होता, अभिनव. तो एका रविवारी आला. पाठीला बॅग, कानात पांढरे बोळे. म्हणाला, "काकू, हे कोणी माणूस रीडच करत नाही. आधी सॉफ्टवेअर स्कॅन करतं. ते पास झालं तर एचआरकडे जातं." आणि त्यानं माझा तो बायोडाटा त्या सॉफ्टवेअरला कसा दिसतो ते लॅपटॉपवर काढून दाखवलं. चौकट गेली, फोटो गेला, आणि दोन रकाने एकमेकांत मिसळून त्यांची पार खिचडी झालेली. तिच्या नावाच्या जागी 'अविवाहित'. आणि पुढे लिहिलेलं : छंद, हिंमतराव.

आम्ही तिघं हसलो. साहेब खुर्चीत बसून बघत होते, त्यांच्याही ओठाचा एक कोपरा हलला. मग हसता हसता उत्कर्षाच म्हणाली, "काही चूक नाहीये त्यात."

मला मात्र झोंबलं होतं. "मग मशीन ढ आहे तुमचं," मी म्हटलं.

"ढ आहेच, काकू. पण गेटवर तेच बसलंय."

तेव्हापासून आमची शाळा सुरू झाली. वेलबुट्टी काढली. एकच रकाना, साधी अक्षरं. प्रत्येक नोकरीला बायोडाटा वेगळा. जाहिरातीत जो शब्द, तोच आपल्यात हवा. तू 'टेस्टिंग' लिहिलंस आणि त्यांनी 'क्वालिटी अॅश्युरन्स' मागितलं, तर काम एकच असलं तरी मशीन म्हणणार, ही बाई आपली नव्हे. एकच ब्लाऊज दहा जणींना बसवायचा तसं ते काम, इथं दाबा, तिथं उसवा. पण एक शब्द खोटा घालायचा नाही, यावर पोरगी ठाम. येत नाही ते येत नाही. मी एकदोनदा म्हटलं, घाल गं, कोण बघतंय. तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पंख्याचं बटण शोधायला लागले.

एवढं करूनही 'परंतु' येतच राहिलं, कारण मध्ये ती वर्षं रिकामी होती. अभिनवनं सांगितलं की मशीनला रिकामी जागा दिसली की ते माणसाला बाजूला काढतं. लोक तिथं काहीबाही कंपनीचं नाव घालतात. उत्कर्षा म्हणाली, मी नाही घालणार.

मग ती एक जागा आली. खराडीलाच. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. काम तिला येणारं, आठवड्यातले काही दिवस घरून करता येणारं. ती जाहिरात वाचताना तिचा चेहरा मी बघितला आणि मनात म्हटलं, ही जागा गेली तर ही पोरगी परत फॉर्म भरायची नाही. त्या जागेचा फॉर्म कंपनीच्या वेबसाइटवरच भरायचा होता. माझ्या दुकानात बसलो. साहेब खुर्चीत. भरत भरत त्या वर्षांपाशी आलो आणि रकाना अडला. 'एम्प्लॉयरचं नाव', आणि पुढे लाल चांदणी. लाल चांदणी म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तिनं रिकामा सोडून बघितला. लाल. रेघ मारून बघितली. लाल. पुढचं पान काही येईना.

"राहू दे मावशी," ती म्हणाली आणि उठली.

माझं टाळकं सटकलं. "बस खाली! काय राहू दे? या वर्षांत तू काय गोट्या खेळत होतीस? कुणासाठी राबलीस?" आणि मी कीबोर्ड ओढला आणि टाइप केलं : हिंमतराव तायडे. हुद्दा? केअर मॅनेजर. काम? औषधांचं वेळापत्रक, व्यायाम, तीन दवाखान्यांशी बोलणी, विम्याचे क्लेम, रोजच्या रोज प्रगती तपासणं. ती आधी हसली, मग एकेक शब्द स्वतः नीट करायला लागली, इंग्रजीत, त्यांच्या जाहिरातीतल्या शब्दांत. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे रकाना आला, रिपोर्टिंग मॅनेजर कोण, त्यांचा फोन नंबर? मी म्हटलं, तेच. घाल साहेबांचा नंबर.

साहेब काठी टेकत उठले होते. स्क्रीनवर स्वतःचं नाव बघत होते. "नाही," म्हणाले. "नाही, नाही." पण त्यांचं नेहमीचंच ते, म्हणून मी बटण दाबलं.

आणि त्या मशीननं तिला पुढे सोडलं! चहा गाळून झाला, पिऊन झाला, तरी 'परंतु' आलं नाही. इंटरव्ह्यू झाला. तिथल्या बाईंनी विचारलं, हे हिंमतराव तायडे कोण, तर हिनं सरळ सांगितलं, माझे वडील. त्या बाई म्हणाल्या, मला चालेल, मला तुझं काम आवडलंय, पण पुढची तपासणी बाहेरची एजन्सी करते, ती माझ्या हातात नाही. फॉर्ममध्ये जेवढे एम्प्लॉयर आहेत त्या प्रत्येकाशी ते फोनवर बोलणार. एकाशी जरी बोलणं झालं नाही तरी फॉर्म आपोआप रद्द.

झालं! उत्कर्षा घरी आली ती पांढरीफटक पडून. माणूस घरच्या डॉक्टरशी बोलत नाही, तो फोनवर परक्या मुलीशी काय बोलणार? मी म्हटलं, त्यात काय, अभिनवला सांगू, फोन तो घेईल, आवाज जाड करून. मीसुद्धा घेऊ शकते. उत्कर्षा नको म्हणत होती, पण पहिल्यासारखं ठाम नाही. आम्ही हे सगळं साहेबांच्या देखत बोललो. माणूस बोलत नसला की त्याला ऐकूही येत नाही असं आपण का धरून चालतो, देव जाणे. त्यांनी आपला मोबाइल टेबलावरून उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

फोन आला तेव्हा उत्कर्षा औषधं आणायला कोथरूडला गेली होती. दुपारची वेळ, दुकानात दोन गिऱ्हाइकं, साहेब खुर्चीत. खिशात मोबाइल वाजला. त्यांनी डाव्या हातानं काढला, मांडीवर ठेवला आणि स्पीकर लावला. कानाशी धरून ठेवणं त्यांना जमत नाही.

"हॅलो, मी पायल बोलतेय, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमधून. मिस्टर हिंमतराव तायडे का? सर, आपण उत्कर्षा तायडे यांचे रिपोर्टिंग मॅनेजर ना?"

माझ्या हातातली झेरॉक्स खाली पडली. साहेबांचे ओठ हलले, आवाज नाही.

"सर? आवाज येतोय का माझा?"

मी काउंटर ओलांडून गेले आणि फोनसाठी हात पुढे केला. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. साहेबांनी मोबाइल उचलून माझ्यापासून लांब नेला. माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झालेले. मग फोन तोंडाजवळ आणला आणि त्यात फुंकर मारली. फू. फू.

"सर, नेटवर्क इश्यू आहे का?"

त्यांनी घसा खाकरला. "प्र... प्रवाशांनी," ते म्हणाले. "इकडे... लक्ष... द्यावे."

शब्द जड होते, ओले होते, पण सूर तोच. स्वारगेटचा. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"उत्कर्षा... हिंमतराव... तायडे," ते त्याच सुरात म्हणाले, कोल्हापूरची गाडी सांगावी तसे. "माझ्याकडे... होती."

"ओके सर," पायल सावकाश म्हणाली. "कधीपासून?"

"झटका... आला. तेव्हापासून."

मग अगदी वेगळ्या आवाजात, "सर, आपण त्यांचे कोण?"

"बाप."

"अच्छा." ती थोडी थांबली. "सर, मला सगळे प्रश्न विचारावे लागतात हं. सॉरी. त्यांची अटेंडन्स कशी होती?"

यावर साहेब ताठ बसले. आयुष्यभर गाड्यांची वेळ लावलेला माणूस. "लेट... नाही," म्हणाले. "एक दिवस... नाही. सगळ्या फेऱ्या... वेळेवर."

घामानं त्यांचा सदरा भिजला होता. मी पंखा मोठा केला, दुसरं काय करणार.

"शेवटचा प्रश्न, सर. हा कंपल्सरी आहे. संधी मिळाली तर तुम्ही त्यांना परत कामावर घ्याल का?"

"नाही," साहेब म्हणाले.

स्वच्छ. खणखणीत. जुन्या माईकवरून यावा तसा. अरे देवा, म्हटलं, सगळं निभावून नेलं आणि शेवटी ते सवयीचं 'नाही' बाहेर पडलं! पलीकडे बटणं वाजल्याचा आवाज.

"सर, 'नो' टाकू मी?"

"अहो थांबा, टाकू नका!" मी ओरडले. "त्यांना तसं म्हणायचं नाहीये, ते प्रत्येकालाच नाही म्हणतात..."

साहेबांनी डावा हात वर केला. मी गप्प झाले. माझ्या दुकानात मला असं कुणी गप्प केलेलं नव्हतं.

"टाका," ते म्हणाले. "नाही... च. तिला... परत... घेणार नाही." श्वास घेतला. एकेक शब्द ते खोल विहिरीतून ओढून काढत होते. "माझ्यापायी... लय... थांबली. आता... पोरीची गाडी... सोडा."

पलीकडची बटणं वाजायची थांबली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "माझ्या फॉर्ममध्ये फक्त 'येस' आणि 'नो' आहे," ती म्हणाली, "पण खाली रिमार्कची जागा आहे. तुम्ही बोललात ना, ते मी तसंच्या तसं लिहिते, मराठीतच. त्यांना वाचू दे." आणि फोन ठेवताना म्हणाली, "काळजी घ्या, काका." सरवरून काकावर आली ती तेव्हा.

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. दमले होते. माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या.

"काहून?" म्हणाले. काहून रडता, असं.

"टोनर गेला डोळ्यात," मी म्हटलं. "आणि फलाट क्रमांक सांगायचा राहिला तुमचा, कंट्रोलरसाहेब. प्रवाशांनी जायचं कुठे?"

ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा आवाज करून हसले.

उत्कर्षा आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, अगदी फुंकरीपासून. 'परत घेणार नाही' इथपर्यंत आले तेव्हा ती औषधांची पिशवी मांडीत घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली. मग उठून खुर्चीपाशी गेली आणि वडिलांच्या त्या लुळ्या हाताचा तळवा आपल्या गालाला लावून उभी राहिली.

पुढचे दिवस आम्ही कुणीच नीट जेवलो नाही. मला तर स्वप्नात लाल चांदणी दिसायची. शेवटी तिच्या मोबाइलवर ऑफर आली. ती मी जाड कागदावर प्रिंट काढली, आणि हो, कडेनं वेलबुट्टीची चौकटही घातली. आता कोण मशीन वाचणार होतं?

जॉइनिंगच्या दिवशी सकाळी ती साहेबांना घेऊन खाली आली. दिवसभर ते माझ्याकडे, असं ठरलं होतं. दुपारी मदतीला एक बाई येणार होत्या. उत्कर्षा पाठीला बॅग लावून उभी आणि निघेना. मावशी, ही गोळी जेवणाआधी. मावशी, त्यांना ऊन लागू देऊ नकोस. मावशी, पाणी थोडं थोडं. मी म्हटलं, बाई गं, मी दोन मुलं वाढवलीत, तू जा. तरी निघेना. स्कूटीपर्यंत जायची आणि परत यायची. शेवटी ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली, आणि लहान मुलीसारखा तळहात पुढे केला.

"बाबा, सही."

साहेबांनी पेन शोधलं. माझं काउंटरवरचं पेन दोरीनं बांधलेलं असतं, लोक पळवतात म्हणून. दोरी खुर्चीपर्यंत पुरेना. मी कात्री घेतली आणि कापून टाकली. त्यांनी पेन डाव्या हातात धरलं, तिचा हात गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. फार वेळ लागला. कोंबडीच्या पायासारखी वाकडीतिकडी उमटली.

तिनं मूठ मिटली आणि गेली. स्कूटी कोपऱ्यावरून वळेपर्यंत साहेब बघत होते. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"वेळेवर," म्हणाले. आणि मी चहा टाकायला आत गेले.